वांगी रंगाचा फॉल

बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचं साडीला फॉल लावून द्यायचं दुकान आहे. रंग जुळवून फॉल मी काढायचा आणि शिवायचा सुनेने, ही पद्धत. मॅचिंग म्हणजे मावशीच, असं बायका म्हणतात, आणि खरं सांगते, त्याच जोरावर मी गल्ल्यावर ताठ बसते. सुनेला ती खुर्ची हवी आहे, हा माझा जुना संशय.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून लेन्स बसवली, मी दुकानात परतले, तर सगळंच बिनसलेलं. ट्यूबलाइट डोळ्यात खुपायची. संध्याकाळी समोरून बाईक आली की तिच्या दिव्याला चहूकडून किरणं फुटायची. पांढरं कापड तर निळीतून काढल्यासारखं. म्हटलं, डॉक्टरने हलकी लेन्स माझ्या गळ्यात मारली. तोंडावर विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "काकू, आतली जुनी लेन्स पिवळी पडली होती, निळा रंग अडवत होती. आता तो दिसायला लागलाय. चमक होईल हळूहळू कमी." इतकं गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

त्याहून डोकं फिरलं ते फॉलची खोकी बघून. वांगी रंगाच्या खोक्यात चॉकलेटी फॉल! पांढऱ्यात मोतिया! आधी माल पाठवणाऱ्या उल्हासनगरच्या शेठला फोन करून झापलं. मग आठवलं, माल जुनाच, खोकीही मीच लावलेली. म्हणजे ऑपरेशननंतर मी घरी होते तेवढ्यात सुनेने डाव साधला. गिऱ्हाइकासमोर तोंडघशी पाडायचं, की झालं, म्हातारीला घरी बसवायला मोकळे!

"खोक्यांना हात कुणी लावला गं?" मी ओरडले.

"कुणीच नाही, आई," म्हणून ती सुई ओवत बसली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, तसलाच प्रकार.

रंग बघायचा तर उन्हात, हा माझा नियम. खोकं घेऊन पायरीवर आले. ऊन असं भसकन शिरलं की उजवा डोळा हाताने झाकला. आणि काय सांगू, खोक्यात वांगी फॉल! हात काढला, चॉकलेटी. झाकला, वांगी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू अजून होता. खोकी कुणी हलवली नव्हती, मीच दोन्ही डोळे पिवळे असताना तशी लावली होती.

मग इतके दिवस एकही बाई भांडायला कशी आली नाही?

अंगावर वांगी साडीच होती. तिचा फॉल मी त्याच खोक्यातून काढून सुनेला दिलेला. तिथेच वाकून निऱ्यांचा काठ उलटून बघितला. फॉल अस्सल वांगी. मी दिलेला नव्हेच तो.

तेवढ्यात शिरगावची नेहमीची बाई आली. "मावशी, लेकीच्या साखरपुड्याची साडी आहे. फॉल तुम्हीच काढा हं, सुनेवर नका सोडू."

"तुमच्या साड्यांचं मॅचिंग कधीपासून हीच करतेय," मी म्हटलं. बाईला थट्टा वाटली. हसत साडी ठेवून गेली.

मी सुनेकडे वळले. आवाज रागाचाच निघाला, मला दुसरा येत नाही. "माझे रंग चुकतायत, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती मान खाली घालून टाके घालत होती. "सांगितलं असतं तर तुम्ही दुकानात आला असता का, आई?"

नसते आले.