कधीच न कुजणारा ग्रह

समुद्र परत गोठला होता. मी खुर्ची मागे सरकवली आणि निलेशला हाक मारली, "अरे, इकडे ये. आपला ग्रह परत मेला."

मी गेम टेस्टर आहे. लोकांना वाटतं, मी दिवसभर गेम खेळते. खरं तर दिवसभर गेम बिघडायची वाट बघते. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात तेव्हा एका विज्ञान केंद्रासाठी गेम बनत होता. आमचे लीड कौस्तुभ सर शाळेत असताना असाच एक गेम खेळायचे. त्यात हिरो नाही, मारामारी नाही. एक ओसाड ग्रह मिळतो. ऊन, पाऊस, हवा कमीजास्त करायची आणि जीव कसे घडतात ते बघत बसायचं. त्याच धर्तीवर आम्ही मुलांसाठी करत होतो.

माझ्याकडे सोक टेस्ट होती. म्हणजे गेम चालू ठेवायचा, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मिनिटामिनिटाला लाखो वर्षं सरायची. पाण्यात काहीतरी हिरवट तरंगायला लागायचं, मग किनारा हिरवा व्हायचा. खिडकीबाहेर खाडीला भरती यायची, तिवरांत पाणी शिरायचं, आणि आपण कुठल्या किनाऱ्याकडे बघतोय हे क्षणभर कळायचं नाही. चहा तसाच राहायचा. जंगलं दाट झाली, की ध्रुवावरून पांढरं हळूहळू खाली उतरायचं. मग सगळं शांत.

शुक्रवारी डेमो होता. विज्ञान केंद्राच्या देशमुख मॅडम येणार होत्या. प्रोजेक्ट ठेवायचा की नाही, त्याच ठरवणार होत्या.

"सूर्य वाढव जरा," सर म्हणाले.

निलेश आमचा प्रोग्रामर. त्याने सूर्य वाढवला. बर्फ उशिरा आला, पण आलाच.

मी हवेचे आकडे उघडले. कार्बन डायऑक्साइड म्हणजे ग्रहाची गोधडी. ऊब धरून ठेवतो. झाडं तो खातात. आमच्या ग्रहावर तो संपत चालला होता.

"झाडं नुसती घेतायत," मी म्हटलं. "परत कोणीच देत नाहीये."

निलेश बघत राहिला. तो करावे गावचा. वैतागला की घरची बोली येते. "आयला, हितं काय कुजतच नाय!"

खरंच. पडलेली झाडं पडल्या जागी हिरवीगार होती. इतके दिवस मला ते सुंदर वाटत होतं.

कारण लगेच सापडलं. मुलांना मेलेलं, सडलेलं काही दिसू नये, असं मॅडमनी सांगितलं होतं. निलेशने कुजण्याची चित्रं काढून टाकली, आणि त्यांच्याबरोबर कुजण्याचं गणितही गेलं. कुजताना जो वायू हवेत परत जातो, तो बंद झाला.

"गणित परत टाकतो, चित्र नको," निलेश म्हणाला. तसं करून पाहिलं. झाडं एकदम गायब व्हायला लागली. ते जास्तच भयंकर दिसत होतं.

सर मला म्हणाले, "चित्रं परत टाकू. मॅडमना तू समजाव."

शुक्रवारी मी मॅडमना आधी गोठलेला ग्रह दाखवला. मग दुसरा. त्यात एक खोड पडलं, काळं झालं, त्यावर माश्या घोंगावल्या, अळंबी आली, मग नेचे.

"मी नको म्हटलं होतं ना हे?"

"हो मॅडम. पण त्याशिवाय ग्रह टिकत नाही."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आमच्याकडे एक मुलगी आली होती," त्या म्हणाल्या. "तिचे आजोबा नुकतेच गेले होते. डायनासोरच्या सांगाड्यासमोर रडायला लागली. मला काय बोलावं तेच सुचेना. तेव्हापासून वाटतं, नकोच ते."

स्क्रीनवर जंगल पडत होतं, उगवत होतं. मॅडम शेवटपर्यंत बघत बसल्या.

"राहू दे," उठताना म्हणाल्या. "माश्यांचा आवाज तेवढा कमी करा."

प्रोजेक्ट पास झाला. आता काही बिघडलं, की नवीन काय टाकलं हे मी आधी विचारत नाही. काय काढलं, ते विचारते.