तीन नमुने

पाण्याचा ग्लास समोर आला की काका तो आधी उजेडाकडे धरायचे. मग वास घ्यायचे, मग एकच घोट. वेटर बिचारा ताटकळलेला. “काय आणू?” “थांबा जी, पाणी होऊ द्या.”

वारज्याला ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा मोर्चा आसपासच्या खानावळी आणि डोशाच्या गाड्यांकडे वळला. जे आढळेल ते त्यांच्या फोनवर, सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं. म्हणजे सांगायचे ते, टाइप करायचे मी. त्यांची बोटं थरथरायची, आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही.

हॉटेलांवरची मतं तुम्हीही वाचत असाल. एक तर ‘अप्रतिम’, नाहीतर ‘चुकूनही जाऊ नका’. काकांचं तसं नसे. ‘उपमा गरम मिळतो. चटणी बारानंतर आंबट होते. वयस्करांनी कोपऱ्यातली खुर्ची टाळावी, डुगडुगते.’ खाली कुणा विद्यार्थ्याने ‘थँक्यू काका, मेस सापडली’ असं लिहिलं की ते माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे.

नियम मात्र कडक. “तीन नमुन्यांशिवाय निकाल नाही.” तीन वेगवेगळ्या दिवशी जेवायचं, त्यातला एक सोमवार, म्हणजे रविवारचं उरलेलं वाढतात का ते कळतं. तोवर लिहिलेलं सगळं कच्चं, फोनमध्येच ठेवायचं.

आमच्या मागच्या गल्लीत एका बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं मांडून खानावळ सुरू केली. काका पहिल्यांदा जेवून आले आणि माझ्या ओट्याशी उभं राहून सांगायला लागले. “आमटी पातळ. भात गार. पोळी वातड.” माझा कुकर शिट्ट्या मारतोय, दूध वर आलंय, आणि यांचं अजून दोनदा हेच ऐकायचं? मी सरळ पाठवून दिलं. त्यात काय एवढं! त्यांना बोलले नाही.

दुसऱ्याच दिवशी ते लेकीकडे नागपूरला गेले. पंधरा दिवसांनी परतल्यावर दुसरा नमुना घ्यायला खानावळीत गेले, तर चारही टेबलं रिकामी. बाईंनी त्यांना फोनवरच्या फोटोवरून ओळखलं.

“तुम्हीच ना ते? अहो, त्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं. शेजारणीनं रांधलं. इथले सगळे तुमचं वाचून येतात, काका. आता कुणी येत नाही. पुढच्या महिन्यात बंदच करतेय.”

तसेच ते माझ्याकडे आले. मी कबूल केलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“पुसून टाकते, काका. आणि लिहिते की पाठवलं मी.”

“पुसून काय होतं, ताई? वाचणाऱ्यांनी वाचलं. आणि नाव माझं आहे खाली.”

मग ते तीन दिवस तिथे जेवले. तिसऱ्या दिवशी मलाही नेलं. “तुम्हीपण नमुना घ्या.” चिंचगुळाची दाट आमटी होती. मी मान वर न करता जेवले, इतकी लाज वाटत होती. घरी येऊन त्यांनी सांगितलं आणि मी अक्षर न बदलता लिहिलं: ‘मागचं मत एकाच जेवणावर दिलं होतं. ती चूक माझी, स्वयंपाकाची नाही. आमटी उत्तम.’

एवढ्यावर थांबतील तर काका कसले! रोज दुपारी दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसायला लागले. रस्त्यावरून कुणी जेवताना दिसलं की माणूस आत वळतो, हे त्यांचं निरीक्षण. घास घास चावत दीड तास काढायचे. काकू घरी चिडायच्या, “माझ्या हातचं गोड लागेना का आता?”

महिनाभराने एका दुपारी जिना चढून धापा टाकत आले, चेहरा नुसता फुललेला. “ताई, आज बाई मला म्हणाल्या, काका, जरा आत सरकून बसा, दारात माणसं थांबलीत!” इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

गेल्या थंडीत काका गेले. त्यांचा फोन काकूंनी बंद केला नाही. काकांनी लिहिलेलं कुणाला उपयोगी पडलं, खाली कुणी काही लिहिलं, की तो अजून वाजतो.

परवा मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा वाजला. काकू आतून म्हणाल्या, “बघ गं, कोण जेवलं?”

मी पाहिलं. तीच खानावळ होती. कुणीतरी काकांच्या मताखाली लिहिलं होतं, ‘थँक्यू काका, आमटी खरंच उत्तम.’

“कुठलं आहे?”

“आमटीचं,” मी म्हटलं.

“आवडली म्हणतात का?”

“हो. आवडली.”

“बरं झालं,” म्हणत काकू बाहेर आल्या आणि फोन पुन्हा चार्जिंगला लावला.