सुईत दोरा ओवताना

घड्याळवाल्या काकांनी साठीत कॅमेरा घेतला. फ्लॅशने काकूंचे डोळे दिपायचे, म्हणून घरातल्या मंद उजेडातच फोटो काढायचा हट्ट. अशा उजेडात जरा हललं की फोटो पुसट! पण काकांचा हात कसला हलतोय? चाळीस वर्षं श्वास रोखून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेल्या. तरी फोटोत मागचं कपाट लख्ख आणि काकू भुतासारख्या!

"अहो, कपाट हलत नाही, मी हलते!" काकू कडाडल्या आणि शिवायला बसल्या.

काका कोपरं टेबलावर टेकवून थांबले. काकूंनी सुई खिडकीकडे धरली, दोरा ओवताना श्वास रोखला. काकांनीही रोखला.

फोटोत सुईचं नेढंसुद्धा स्पष्ट आलं.

काकू बघतच राहिल्या. "चाळीस वर्षं इथंच ओवतेय. आज दिसले होय?"