लाल ठिपक्याचा पेला

जळगावला लिव्हरच्या डॉक्टरांकडे आमची तारीख बहुतेक एकाच दिवशी पडायची. मी त्यांना आबा म्हणायचो, नाव कधी विचारलं नाही. ते पिंपळनेरकडून यायचे. आजार दोघांचाही एकच, हिपॅटायटिस सी.

चहावाला आला की आबा पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचे. घरात कुणी चुकून उचलू नये म्हणून त्यांनी त्याच्या काठाला लाल नेलपेंटचा ठिपका लावला होता. शेतात भरिताची पार्टी असली तरी ते बांधावर वेगळे बसून जेवायचे.

परवा ते डॉक्टरांच्या खोलीतून हसतच बाहेर आले. गोळ्यांनी विषाणू गेला होता, प्लेटलेट वाढल्या होत्या. पण त्यांचा आनंद भलत्याच गोष्टीचा होता.

“भाऊ, डॉक्टर म्हने, हाऊ रोग उष्टं खाईसन लागतच नही! इतला दिन मी उगाच येगळा बठनू!”

अर्धा चहा पिऊन त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. “ल्या.”

घरी माझंही ताट वेगळंच होतं. मी तो चहा एका दमात संपवला. आबांनी रिकामा पेला मांडीवर घेतला आणि नखाने तो लाल ठिपका खरवडायला लागले.