रकानेतात्या

फॉर्मवर एखादा रकाना मोकळा दिसला की तात्यांच्या जिवाला घोर लागायचा. बारामतीच्या आमच्या दवाखान्यात नसांच्या तपासण्यांचे विम्याचे कागद तेच भरत. मला हे काम त्यांनीच शिकवलं. "मोकळं ठिवू नगं गं पोरी, विमावाल्यांना तेवढंच निमित्त हुतं. सांगण्यासारखं काय नसलं तर 'लागू नाही' लिव्ह." आम्ही त्यांना रकानेतात्या म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं 'पाय दुखतात' असलं की तपासणीला मंजुरी मिळत नसे. तात्या कुठले गप्प बसतायत! कन्हेरीच्या एका आजींना त्यांनी समोर बसवलं.

"मुंग्या कुठवर येत्यात? पायातली चप्पल निसटल्याली कळती का?"

"न्हाय बा. सून वरडती तवा कळतं."

तात्या चिठ्ठी घेऊन तडक डॉक्टरांच्या दारात. "सायेब, ह्ये लिव्हा. मंजुरी ह्याच्यावरच हाय." आजींचं काम झालं तेव्हा तात्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

डबा मात्र ते एकटेच खायचे, भिंतीकडे तोंड करून. डाळजहून एसटीनं येतात, एवढंच मला ठाऊक. घरी कोण असतं, हे चार वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. कामाच्या धबडग्यात राहून गेलं म्हणते, पण खोटं कशाला बोलू, सुचलंच नाही.

एका सकाळी तात्या आले ते एकाच पायात चप्पल घालून. मी हसले, "अहो तात्या, दुसरी कुठं सांडली?" त्यांनी खाली पाहिलं. त्यांना कळलंच नव्हतं. माझं हसू तिथंच जिरलं.

डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घेतलं. तात्यांचा फॉर्म मी भरायला बसले. सोबतच्या नातेवाइकाचं नाव, या रकान्याशी अडले.

"काय लिहू तात्या?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मागे रांग खोळंबलेली. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी लिहून टाकलं, 'लागू नाही'.

त्यांनी चष्मा सावरून ते वाचलं. "बरोबर भरलंस," म्हणाले.

मंजुरी आली, तपासणी झाली, पण पाय काही सुधारले नाहीत. काम सोडून ते डाळजला गेले. मी जाऊन भेटू भेटू म्हणत राहिले आणि गेल्या वर्षी ते वारल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं.

आजही तो रकाना आला की माझा हात थबकतो. चांगला लांबरुंद रकाना आहे मेला. माझं नाव त्यात सहज बसलं असतं.