गालावरची हळद

धाकट्या बहिणीच्या हळदीसाठी सुट्टी मागितली, तर सरांनी अर्धा दिवस दिला, तोही उपकार केल्यासारखा. तिकोणा पेठेत घरी पोचते तोच आईने माझा गाल धरला. "करवली तू, आन् गाल कोरडा? लावू दे मला." नंतर घाईघाईत तोंड धुतलं, स्कूटी पिटाळली आणि दुपारी आंबीच्या वर्कशॉपमध्ये टोपी, मास्क, हातमोजे चढवून बसले.

टेबलावर नखाएवढी काचेची चिप होती. लांब लांब उभ्या असलेल्या दुर्बिणी एकाच ताऱ्याचा प्रकाश पकडतात. तो केसासारख्या बारीक काचतंतूंतून या चिपमध्ये येतो आणि तिच्या आतल्या वाटांमध्ये एकत्र होतो. प्रत्येक तंतू वाटेच्या तोंडाशी अचूक चिकटवणं हे माझं काम. नोकरी अजून कच्ची होती, आणि चिप एकच.

शेवटचा तंतू जुळला, मीटरवरचा प्रकाशाचा आकडा चढला. ग्लूचा थेंब सोडून मी जांभळा दिवा लावला. त्या उजेडात तीस सेकंदांत ग्लू दगड होतो. लावला आणि थेंबात एक हिरवट-पिवळा कण चमकला. माझ्या हातमोज्याच्या बोटावरही तोच रंग चमकत होता. मास्क सावरताना बोट गालाला लागलं होतं; घाईत धुतलेल्या गालावर हळद उरली होती, आणि जांभळ्या उजेडात ती अशीच चमकते.

आकडा जरासाच उतरला होता, चालण्यासारखा. साध्या उजेडात तो कण कोणाला दिसलाही नसता. तिकडे कुठेतरी ताऱ्याचा प्रकाश फिका आला असता, आणि शिव्या दुसऱ्याच कोणीतरी खाल्ल्या असत्या. दिव्याचे सेकंद उतरत गेले. मी गप्प.

मग म्हणाले, "सर, ग्लूमध्ये हळद गेली. माझ्या हातून."

त्यांनी येऊन दिवा बंद केला, सुईचं टोक लावून पाहिलं. थेंब घट्ट झाला होता.

"कधी दिसली?"

खोटं बोलणं फार सोपं होतं.

"दिवा लावल्या लावल्या."

"तेव्हाच बोलली असतीस तर ओला पुसता आला असता."

"घाबरले, सर. नोकरी जाईल वाटलं."

ते चिपवर वाकून पाहू लागले. मी हातमोजे काढायला लागले.

"चिपमध्ये राखीव वाट एकच आहे, आता नवा तंतू तिलाच चिकटवायचा," मान वर न करता ते म्हणाले. "तोंड नीट धुऊन ये, आणि बस."

बेसिनपाशी बहिणीची हळद साबणाने खरवडून काढताना मला रडू आवरलं नाही. मग जाऊन बसले.