बाईंना कळलं, त्या दिवशीचे पेढे

बाई ‘कळलं’ म्हणाल्या, त्या दिवशी मी अख्ख्या आळीत पेढे वाटले. चांगले केशरी. आयुष्यात मी पुष्कळ वेडेपणे केलेत, पण याच्या तोडीचा दुसरा नाही. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या.

बाई म्हणजे कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाई. चार कादंबऱ्या, ललित लेखांची पुस्तकं, शिवाय मुंबईच्या कॉलेजात वर्षानुवर्षं मुलांना गोष्ट लिहायला शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर अलिबागजवळ आमच्या गावात घर घेऊन राहिल्या आणि दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर आमच्यासारख्या हौशी लोकांचा वर्ग घ्यायला लागल्या. मी तेव्हा साठीची, म्हणजे अगदीच पोरकट वयाची. माहेरी मिठागर, सासरी पांढऱ्या कांद्याची शेती. पण आपल्या पोटात एक थोर लेखिका दडून बसलीय, अशी माझी पक्की समजूत.

पहिल्याच रविवारी मी माझी गोष्ट वाचली. लग्नानंतर माझी पाठवणी झाली, तेव्हा आई दारात आलीच नाही. मिठागरात मीठ ओढत राहिली. मी लिहिलं होतं, ‘मातेच्या नयनांत महासागर उचंबळत होता.’ वाचून झाल्यावर पदरानं डोळे टिपले आणि टाळ्यांची वाट बघत बसले.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “मला नाही कळलं. पुन्हा सांगा.”

म्हटलं, बिचारीला कमी ऐकू येत असेल. त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा वाचलं. महासागर तर इतक्या मोठ्यानं, की खाली पेपर वाचणारे जिन्यात येऊन उभे राहिले.

“ताई, ऐकू येतं मला,” बाई म्हणाल्या. “कळत नाही. आई का आली नाही?”

“तिला सोसवेना म्हणून.”

“तसं ती म्हणाली?”

“नाही.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

घरी येऊन सुनेला म्हटलं, “एवढी शिकलेली बाई, पण डोकं जरा जडच गं.”

पुढे लक्षात आलं, बाईंना कुणाचंच काही कळत नाही. आमच्यातले पाटील जन्मभर ट्रक चालवलेले. त्यांनी घाटात ब्रेक निकामी झाल्याचा प्रसंग लिहून आणला. आम्ही श्वास रोखून ऐकला. बाई म्हणाल्या, “मला नाही कळलं. जीव जायची वेळ, आणि तुम्ही शीळ कसली घालत होतात?”

पाटील लालबुंद. “अवो, भ्यालो व्हतो! भ्यालो की घालतो मी शीळ.”

“मग ते कुठंय यात?”

मासळीबाजारातही तेच. आज मांदेली एवढी बारीक का, सुकटीला ऊन किती लागतं, प्रश्नावर प्रश्न. शेवटी कोळीण वैतागली. “बाय, घेतेस का नुसतीच इचारतेस?” बाईंनी मुकाट्यानं मांदेली घेतली आणि ती साफ कशी करायची ते विचारलं. गावानं सत्कार केला, अध्यक्ष अर्धा तास स्तुती करत होते. बाई शाल सावरत उठल्या आणि माईकवर म्हणाल्या, “मला नाही कळलं. मी नक्की केलंय काय?”

एकदा मी धीर करून विचारलंच, “बाई, तुमची स्वतःची कादंबरी तरी तुम्हाला कळते का हो?”

“आधीच कळली तर लिहू कशाला?”

मी तीच गोष्ट पुन्हापुन्हा लिहीत राहिले. आधी महासागर गेला. मग नयन गेले. मातेची आई झाली. तरी बाईंचं आपलं तेच. आणि खरं सांगू? आई का आली नाही, ते मलाही कधी कळलं नव्हतं. ती असताना विचारायचं राहिलं. बाईंना कळलं तर निदान त्या मला सांगतील, अशी एक खुळी आशा होती.

आणि एका रविवारी माझं वाचून झालं, तशा बाई हसल्या. “कळलं,” म्हणाल्या.

मी तडक मिठाईच्या दुकानात.

“आई, पेढे कसले?” सुनेनं विचारलं.

“बाईंना कळलं!”

“काय कळलं?”

ते मात्र मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी पाटलांचं अर्धंच वाचून झालं होतं, तोवर बाई म्हणाल्या, “कळलं.” मग सगळ्यांनाच ‘कळलं’ मिळायला लागलं. वर्ग खूश! आपण सगळे एकदम लेखक झालो म्हणून पाटलांनी भजी मागवली. बाईंना विचारलं, चहात साखर घालू का? “कळलं,” म्हणाल्या. आम्ही त्यालाही हसलो. बाईंचा काहीतरी नवा धडा असेल, असं वाटलं.

मग मुंबईहून त्यांची लेक आली. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, “आईला विसरायला होतंय. समोरच्याचं काही समजलं नाही, की ती ‘कळलं’ म्हणते.”

भजी खाल्लेली तोंडं आम्ही कुठं लपवावीत?

माझ्या गोष्टीला मिळालेलं ‘कळलं’ दुखण्याच्या अलीकडचं की पलीकडचं, ते मला आजवर उमगलेलं नाही. कधी वाटतं, खरंच कळलं असेल. कधी वाटतं, पेढे परत मागावेत. बाईंच्या घराला आता होमस्टेची पाटी आहे. शनिवार-रविवार तिथं मुंबईची मंडळी गाणी लावतात.

लेक त्यांना कायमचं मुंबईला घेऊन निघाली, त्या सकाळी मी पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन गेले. बाई ओटीवर बसल्या होत्या, तयार होऊन. सामान गाडीत चढत होतं.

“आई, यांना ओळखलंस?” लेकीनं विचारलं.

“कळलं,” बाई म्हणाल्या आणि माळेकडे बघत राहिल्या.

माळ त्यांच्या मांडीवर ठेवली. आणि आपली तीच गोष्ट सांगायला लागले. कागद नव्हता, सजवायला उसंत नव्हती. म्हटलं, “बाई, माझं लग्न झालं. वऱ्हाडाचा ट्रक मिठागराच्या कडेनं निघाला. आई तिथं मीठ ओढत होती, इथून त्या फाटकाएवढी लांब. तिनं वर बघितलं नाही. मी बघत होते. ट्रक वळला.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी असं पाहिलं!

“मला नाही कळलं,” त्या म्हणाल्या. “इतकी जवळ होती, तर तुम्ही हाक का नाही मारलीत? पुन्हा सांगा, ताई.”